पपईचे प्रयोजन

एम. ए.च्या वर्गाला अनुवाद शिकवताना सैद्धांतिक भाग त्या मानाने सोपा जातो. ‘स्रोतभाषा’, ‘लक्ष्यभाषा’, ‘समतुल्यता’ हे शब्द फळ्यावर लिहिले आणि त्यांच्याभोवती चार वर्तुळे काढली की तास भरतो. खरी अडचण येते ती प्रात्यक्षिकात. कविता दिली तर विद्यार्थी अलंकारांच्या आडोशाला जातात. वैचारिक गद्य दिले तर परिभाषाकोशातले जड शब्द उचलून आणतात. म्हणून मी पुष्कळदा मुद्दाम व्यवहारातले साधे उतारे देतो. औषधाच्या बाटलीसोबत येणारा कागद, शिवणयंत्राची माहितीपुस्तिका किंवा एखादी पाककृती. अशा मजकुराचा एक फायदा असतो. अनुवाद बिघडला तर तो समीक्षकाला विचारावा लागत नाही. त्याबरहुकूम करून पाहिले की कळते.

२०१९ साली असाच एक उतारा निवडला होता. ‘स्टेक’ मऊ व्हावा यासाठी घरच्या घरी करायच्या साध्या ‘मॅरिनेड’ची ती कृती होती. तेल, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, मिरपूड, मीठ. त्यात मांसाचा जाड तुकडा काही तास ठेवायचा आणि मग तापलेल्या तव्यावर भाजायचा. एवढेच. जालन्यासारख्या ठिकाणी, जिथे ‘स्टील’ हा शब्द रोज कानी पडतो आणि ‘स्टेक’ कधीच नाही, तिथे हा उतारा थोडा परका होता. पण विद्यार्थी अडले ते ‘स्टेक’पाशी नव्हे, ‘मॅरिनेड’पाशी. कोणी ‘मसाला’ लिहिले, कोणी ‘वाटण’, एकाने ‘लोणचे’ लिहून नंतर ते खोडले. बहुतेकांनी शब्द तसाच देवनागरीत उतरवून सुटका करून घेतली.

शब्दाच्या मुळाशी गेले तर त्यात समुद्र सापडतो. लॅटिनमधील सागरवाचक ‘मारे’शी त्याचे नाते आहे; फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि मूळ अर्थ होता खाऱ्या पाण्यात घालून ठेवणे. ‘स्टेक’चे कूळ आणखी उत्तरेकडचे. जुन्या नॉर्स भाषेतल्या त्या शब्दात काठीला लावून भाजण्याची कल्पना आहे. म्हणजे आपल्या ‘सीख कबाबा’तली सीख आणि त्यांचा स्टेक यांचे कूळ वेगळे असले तरी कल्पना एकच: विस्तव, काडी आणि मांस. समुद्र मात्र आपल्या वाट्याला आलेला नाही. जालन्यापासून तो शेकडो किलोमीटर दूर. इथल्या स्वयंपाकघराने त्या क्रियेकडे पाहिले ते पाण्याच्या नव्हे, काळाच्या अंगाने. मराठीत त्यासाठी नाम नाही, क्रियापद आहे: मुरणे.

हे क्रियापद मोठे समृद्ध आहे. लोणचे मुरते, पावसाचे पाणी जमिनीत मुरते, माणूस एखाद्या धंद्यात मुरतो आणि काही संशयास्पद वाटले की आपण म्हणतो, कुठेतरी पाणी मुरते आहे. ‘मुरांब्या’त मराठी कानाला मुरणेही ऐकू येते आणि आंबाही, वस्तुतः मूळ शब्द अरबी ‘मुरब्बा’. या सगळ्या प्रयोगांत एक गृहीत समान आहे. बाहेरचे काहीतरी सावकाश आत शिरते, आतल्याशी एकजीव होते आणि मग दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. वर्गात बहुमत ‘मुरवण’ या घडवलेल्या शब्दाकडे झुकू लागले होते. तेवढ्यात जुन्या जालन्यातून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्याकडे याला गलावट म्हणतात.”

ती मराठीची विद्यार्थिनी. घरी दखनी बोलणारी, शाळा मराठी माध्यमाची, आणि वर्गात ‘आमच्याकडे’ म्हणताना किंचित थांबणारी. तिने सांगितले, की तिची दादी पसंदे करते, आणि त्यासाठी मांसाला आधी जे लावते ती गलावट. तिखट-मीठ-गरम मसाला म्हणजे मसाला. गलावट वेगळी.

मला हा भेद फार महत्त्वाचा वाटला. इंग्रजी शब्द द्रव्याचा विचार करतो, मराठी क्रियापद काळाचा. ‘गलावट’ हा शब्द मात्र थेट त्या अडचणीशी बोलतो, जिच्यासाठी हा सारा खटाटोप आहे. मांस कठीण आहे. ते गलले पाहिजे. ‘गलावट’ उच्चारताच समोरचा कठीणपणा मान्य केलेला असतो.

कठीणपणासाठी मात्र मराठीपाशी शब्दांची टंचाई नाही. ‘मॅरिनेड’ला एक नाम न देणाऱ्या आपल्या भाषेने मऊ नसण्याच्या किती छटा टिपल्या आहेत पाहा. जनावर वयाने मोठे असेल तर मांस ‘जून’. भेंडी जून होते, काकडी जून होते, तसा बोकडही जून होतो. कोवळेपण सरून घट्टपणा आला की ‘निबर’. तंतू दाताखाली तुटत नसले की ‘चिवट’. आणि दमटपणाने वा वाईट शिजवण्याने चामड्यासारखे झाले की ‘वातड’. बाजारात आणि ताटावर हे शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांचे अर्थ नीट लावले तर मांस मऊ करण्याचे अर्धे शास्त्र त्यांतच आहे. कारण प्रत्येकावर उपाय निराळा.

जून आणि निबर मांसाचा दोष असतो तो स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजन नावाच्या द्रव्यात. जो स्नायू जास्त राबतो त्यात ते अधिक असते, आणि जनावराचे वय वाढते तसे त्याचे बंध पक्के होत जातात. मंद आचेवर, ओलाव्यात, पुष्कळ वेळ शिजवले की त्याचे जिलेटिन होते आणि तेच मांस लोण्यासारखे होते. चिवटपणावरचा पहिला उपाय सुरीचा. मांसातले तंतू ज्या दिशेने जातात तिला आडवे कापले की तंतू आखूड होतात आणि दाताचे काम सुरीने आधीच केलेले असते. वातडपणावर मात्र उपाय नाही. तो मांसाचा दोष नसून शिजवणाऱ्याचा असतो.

आणि मॅरिनेड? त्याची कीर्ती त्याच्या कर्तृत्वापेक्षा मोठी आहे. लिंबू, व्हिनेगर, दही यांतले आम्ल, मसाल्यांचा वास, पपईतले पाचक द्रव्य यांपैकी काहीच मांसात फार खोल जात नाही. काही मिलिमीटर, बस्स. आत जाते ते मीठ. वेळ दिला तर ते खोलवर पोहोचते आणि मांसाला पाणी धरून ठेवायला मदत करते. बाकी सारे पृष्ठभागाचे व्यवहार. म्हणून इंग्रजी उताऱ्यातला इंचभर जाडीचा तुकडा रात्रभर व्हिनेगरात ठेवला तरी मधला भाग आदल्या दिवशी होता तसाच राहतो, उलट बाहेरचा थर आम्लाने आकसून भुसभुशीत होतो. ‘मुरणे’ या आपल्या लाडक्या क्रियापदाला हे काहीसे अपमानास्पद आहे, पण खरे आहे.

इथे पसंद्याची बुद्धिमत्ता दिसते. ‘पसंदा’ हा शब्द ‘पसंद’वरून आलेला. पसंत केलेला, निवडून घेतलेला तुकडा. हाड नसलेले, एकसंध स्नायूचे मांस घ्यायचे, त्याचे पातळ लांबट काप करायचे आणि ते सुरीच्या पाठीने किंवा वरवंट्याने ठोकून आणखी पातळ करायचे. गलावट खोल जात नाही ना? मग मांसालाच खोली ठेवायची नाही. चार-पाच मिलिमीटरच्या कापाला दोन्ही बाजूंनी जे लागते ते जवळजवळ आरपार लागते. हैदराबादी ‘पत्थर का गोश्त’ याच युक्तीवर उभे आहे. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, तेव्हा या पदार्थांची इकडे ये-जा असणे ओघानेच आले. स्टेकचा आपल्या जिल्ह्यातला सख्खा भाऊ शोधायचा तर तो हाच.

पुढे एका रविवारी त्या विद्यार्थिनीच्या घरी जाण्याचा योग आला. दादी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून होत्या. मी मराठीत विचारत होतो, त्या दखनीत उत्तर देत होत्या, आणि दुभाष्याची गरज एकदाही पडली नाही. मराठीतला ‘नको’ दखनीत ‘नक्को’ होऊन कधीच स्थायिक झालेला आहे. दोन भाषा शेजारी राहिल्या की उसनवारी चालायचीच. मापे विचारली तर त्यांनी हाताची बोटे दाखवली. वजने आणि चमचे नातीने नंतर मोजून लिहिले. ती कृती तिच्या परवानगीने इथे देतो.

अर्धा किलो मांस, मांडीचे, बिनहाडाचे. तंतूंना आडवे, करंगळीच्या निम्म्या जाडीचे काप. ते ठोकून घ्यायचे, पण जाळी पडू द्यायची नाही. कच्ची, हिरवीगार पपई सालीसकट वाटून तिचा एक मोठा चमचा आणि सपाट चहाचा चमचाभर मीठ एवढेच प्रथम चोळायचे. साल ठेवण्याचे कारण असे, की पपईचा चीक सालीलगत असतो आणि काम करणारा तोच. पपई पिकत जाते तसा तो नाहीसा होतो. हिवाळ्यात हे तासभर, उन्हाळ्यात अर्धा तास. त्यानंतर दुसरा लेप: पाणी निथळलेले अर्धी वाटी दही, आले-लसूण एक मोठा चमचा, लाल तिखट, हळद, भाजून वाटलेली खसखस आणि सुके खोबरे, तळून कुस्करलेला एक कांदा, थोडा गरम मसाला. हे लावून दोन तास फ्रिजमध्ये. मग जाड तवा चांगला तापवून, थोडे तेल सोडून काप एकेक करून टाकायचे. गर्दी केली तर भाजण्याऐवजी उकडतात. मांस कोवळे असेल तर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटे पुरतात. जून असेल तर भाजल्यावर झाकण ठेवून, पाण्याचा हबका मारून, अगदी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. लिंबू पिळायचे ते शेवटी, ताटात.

दादींनी एकाच गोष्टीबद्दल बजावले. “पपई जास्ती नक्को, बेटा. गोश्त गलना, घुलना नै.”

गलणे आणि घुलणे. मऊ होणे आणि विरून जाणे. पपईतले पपेन हे प्रथिनांचे तुकडे करते. कोणत्या प्रथिनाचे आणि कुठवर, याचा विवेक त्याला नसतो. प्रमाण वाढले किंवा वेळ लांबला की बाहेरचा थर पिठूळ लगदा होतो. शिवाय त्याचा खरा जोर गार मांसात नसून गरम होत जाणाऱ्या मांसात असतो. साधारण पन्नास ते सत्तर अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते सर्वांत झपाट्याने काम करते आणि त्याहून बरेच तापले की निकामी होते. म्हणून पपई लावलेले मांस मंद आचेवर हळूहळू तापवत नेले की लगदा होण्याचा धोका वाढतो, आणि तापल्या तव्यावर टाकले की तो टळतो. जून मांसही आधी तव्यावर भाजून मगच झाकायचे ते यासाठी. दादींनी पपेनचे नाव ऐकले नव्हते. आधी मोठी आच हा नियम त्यांना ठाऊक होता.

गंमत अशी, की या अगदी ‘आपल्या’ वाटणाऱ्या कृतीतली पपई मूळची मध्य अमेरिकेच्या बाजूची. सोळाव्या शतकानंतर युरोपीय जहाजांतून ती इकडे आली. लाल मिरचीही तशीच आली. आमच्या भोकरदन तालुक्यातल्या घरी न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले पपईचे झाड होते आणि बोकड जून निघाला तर आजी कच्च्या पपईची एक फोड रश्शात टाकत असे. तिच्या लेखी ते झाड जमिनीइतकेच जुने होते. पदार्थांच्या बाबतीत परके आणि आपले हा भेद किती पिढ्या टिकतो, याचे हे एक उत्तर.

आतापर्यंत मी ‘मांस’ एवढेच म्हणत आलो आहे. कोणाचे, हे सांगितलेले नाही. वाचकाच्या ते ध्यानात आले असेल. मूळ इंग्रजी उताऱ्यात हा प्रश्न उद्भवत नाही. ‘स्टेक’ म्हटले की ते गाय-बैलाचे, असे तिथे गृहीतच असते. महाराष्ट्रात गोहत्येला बंदी १९७६ च्या कायद्याने आली होती. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केले, त्याला राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात ही बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. म्हशीला ही बंदी लागू नाही. दादींच्या घरात पूर्वी ‘बडे का’ म्हणजे बैलाचे असे. नंतर ते म्हशीचे झाले. कायद्याच्या बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद इथे मांडण्याचा हेतू नाही. नोंदवायचे आहे ते एवढेच, की कापल्या जाणाऱ्या म्हशी पुष्कळदा दुधातून गेलेल्या, म्हणजे जून असतात. त्यामुळे त्या घरात पपईचा चमचा सपाट होता तो शीगोशीग भरला, आणि झाकण ठेवण्याची पाच मिनिटे चाळीस झाली. राज्याच्या राजपत्रात जे छापून आले ते एका स्वयंपाकघरात चमच्याच्या मापात नोंदले गेले.

विद्यार्थिनीने यावर चार पानांचा ललित लेख लिहिला. दादी, तिचे हात, ठोकण्याचा आवाज, बदललेला चमचा, सारे त्यात होते. भाषा नेटकी होती, आव नव्हता. एका महाविद्यालयीन वार्षिकांकासाठी तिने तो दिला. संपादक मंडळाला लेख आवडला. एकच सूचना होती: ‘बडे का गोश्त’ याऐवजी ‘पनीर’ करावे. सूचनेत द्वेष नव्हता, हे नमूद केले पाहिजे. ‘उगाच वाद नको’ एवढेच तिचे कारण होते, आणि दिवस पाहता ती भीती अगदीच निराधार म्हणता येत नव्हती. मी लेखाच्या बाजूने एक टिपण लिहून दिले; त्याचा उपयोग झाला नाही. ती मुलगी चिडली नाही. तिने मला फक्त विचारले, “सर, पनीरला पपई कशाला लावू?”

साहित्यशास्त्रात आपण काव्याची प्रयोजने शिकवतो. यश, अर्थ, व्यवहारज्ञान, उपदेश अशी यादी मुलांकडून पाठ करून घेतो. पण प्रयोजन म्हणजे काय हे इतक्या लख्खपणे मला त्या प्रश्नाआधी दिसले नव्हते. पपईचे प्रयोजन मांसाचा कठीणपणा हे आहे. पनीर मुळात मऊ. कच्च्या पपईच्या चिकाने दूध फाटते आणि कडवट होते. तोच चीक पनीरला लावला तर पनीर बिघडण्याखेरीज काही होणार नाही. म्हणजे एक नाम बदलले की त्यामागची सगळी क्रियापदे खोटी पडतात. ठोकायचे कशासाठी? तंतूंना आडवे कापायचे, तर पनीरला तंतू कुठे आहेत? दोन तास थांबायचे कोणासाठी? ‘गलना, घुलना नै’ हे वाक्य उरते, पण त्याला आता विषयच नसतो. वाक्यरचना शाबूत, व्याकरण शुद्ध आणि अर्थ गेलेला, असा तो मजकूर झाला असता. बरे, वाचणाऱ्याला कदाचित कळलेही नसते. स्वयंपाक न करणाऱ्या वाचकाला तो लेख तितकाच गोड वाटला असता. अनुवादाच्या तासाला मी जे सांगत असे, की करून पाहिले की कळते, त्याचा हा दाखला माझ्याच पुढ्यात आला होता.

सौम्य शब्दाने मजकूर सुरक्षित होतो अशी आपली समजूत असते. अनेकदा तो होतोही. पण ज्या लेखनाचे सारे तंत्र एखाद्या विशिष्ट कठीणपणाला दिलेले उत्तर असते, तिथे तो कठीणपणाच काढून घेतला तर तंत्र नुसती सजावट होऊन बसते. आपल्याकडच्या पुष्कळ नीटनेटक्या लेखांत मला अशी प्रयोजनहीन पपई दिसते. रूपक आहे, लय आहे, संयम आहे. फक्त ज्याच्यासाठी हे सारे करायचे ते आधीच बाजूला ठेवलेले आहे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मऊ तुकड्याला गलावट लागत नाही. पाठीच्या कण्याखाली आतल्या बाजूला असणारा, खाटीक ज्याला ‘अंडरकट’ म्हणतात तो स्नायू जनावर चालताना फारसा राबतच नाही. तो मुळातच मऊ. ‘बीफ वेलिंग्टन’ नावाचा प्रसिद्ध पदार्थ याच तुकड्याचा करतात. त्या नावाचा संबंध ज्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनशी जोडला जातो, त्याच्या हयातीतला त्याचा पुरावा मिळत नाही; पण तो स्वतः, आर्थर वेलस्ली म्हणून, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्याच जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढला होता. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातले ते रण. जेत्याच्या नावे सर्वांत मऊ तुकडा नोंदला जावा, यात योगायोगाचा भाग असेल. पण योगायोगालाही कधीकधी बोलता येते. ज्याला निवड आहे त्याने पसंदा घ्यावा, ज्याला नाही त्याने युक्ती शोधावी, ही पाकशास्त्राची जुनी वाटणी आहे.

आणि निवडीचा प्रश्नच नव्हता असेही लोक याच मराठवाड्यात होते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ साली आलेले पुस्तक महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीविषयी आहे. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. त्यात भेटणाऱ्या ‘चान्या’ म्हणजे मांसाच्या लांब फिती कापून उन्हात वाळवलेल्या असतात. मॅरिनेड मांसाला ओलाव्यात ठेवते. चान्या ओलावाच काढून घेतात. त्यामागची अडचण निराळी होती. मांस कधी मिळेल हे आपल्या हाती नव्हते. मिळाले की टिकवायचे होते. तिथे दही-खसखशीची भाषा शक्य नव्हती. त्या मांसाला गावाने चिकटवलेला अपमानही होता. महाडला मार्च १९२७ मध्ये भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते चवीविषयी नव्हते, माणूसपणाविषयी होते. म्हणून कठीण तुकड्यातून निघालेल्या कौशल्याचे कौतुक करताना मला थोडे जपून बोलावेसे वाटते. युक्तीचे कौतुक करावे. ती ज्या परिस्थितीने शिकवली तिचे नाही. पण त्या परिस्थितीचे नावच पुसून टाकले तर कौतुकालाही आधार उरत नाही. पाटोळे यांचे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते ते यामुळेही, की ते पदार्थाचे पहिले नाम बदलत नाही.

त्या वर्षीचा अंक त्या लेखाशिवाय निघाला. लेख तिने परत घेतला आणि फाडला नाही, इतकेच सांगता येईल. उताऱ्याच्या अनुवादात तिने शेवटी ‘मॅरिनेड’साठी ‘गलावट’ हाच शब्द योजला आणि तळटीप दिली नाही. ती का दिली नाही असे मी विचारल्यावर म्हणाली, की वाक्यातून कळते. वाक्य होते: ‘मांस कठीण असेल तर गलावट लावून ठेवावे.’ खरेच, कळत होते.

मी स्वतः घरी ही कृती बोकडाच्या मांडीची करतो. आमच्याकडे तेवढेच चालते. जालन्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, पपई लावून वीस मिनिटांतच फ्रिजमध्ये ठेवतो, आणि बोकड कोवळा मिळाला तर पपई लावतच नाही. अशा वेळी दही, मीठ आणि चांगला तापलेला तवा पुरेसा असतो. कधी पाहुण्यांपैकी कोणी विचारतो, की पुस्तकात तर पपई सांगितली आहे. मी त्याला तुकडा बोटाने दाबून पाहायला सांगतो.